वडगावचा रिपोर्ट, परळचं प्रथिन

पेठ वडगावात आता रक्त तपासायला कोल्हापूर गाठावं लागत नाही. सकाळी उपाशीपोटी नमुना द्यायचा, तो मोठ्या शहरातल्या यंत्रावर जातो आणि रिपोर्ट मोबाईलवर येतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात साखर, चरबी, थायरॉईड यांच्या जोडीला पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी हल्ली पीएसए नावाची एक ओळ असते. बहुतेकांनी ती मागितलेली नसते. आकडा चारच्या वर गेला की त्याच्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ उमटतं. घरातला मुलगा ती तीन अक्षरं गुगलवर टाकतो आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत घरात कॅन्सर हा शब्द शिरलेला असतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली साधारण वीस ग्रॅमची ग्रंथी. पुस्तकात तिला पुरस्थ ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात नुसतं ‘ग्रंथी वाढलीय’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. वीर्यातला काही द्रव बनवणं हे तिचं काम. तिच्या स्रावात तीन प्रथिनं सर्वांत जास्त असतात : प्रोस्टॅटिक अ‍ॅसिड फॉस्फटेज, पीएसए आणि पीएसपी-९४. तिन्हींचं नाव कॅन्सरशी जोडलं गेलं, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी. पहिलं आता तपासणीतून जवळजवळ बाद झालंय. दुसरं जगप्रसिद्ध आहे. तिसऱ्याच्या शोधात मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे, तरी महाराष्ट्रातच ते फारसं कुणाला माहीत नाही. मला लिहायचंय ते खरं तर या तिसऱ्याबद्दल. पण रिपोर्ट येतो दुसऱ्याचा, म्हणून आधी ते.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. नाव भीतिदायक असलं तरी हे एक साधं पाचक जातीचं प्रथिन आहे. बाहेर पडलेलं वीर्य सुरुवातीला घट्ट असतं. त्यातल्या सेमिनोजेलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे करून ते पातळ करणं, म्हणजे शुक्राणूंना वाट मोकळी करून देणं, हे पीएसएचं काम. निरोगी पुरुषाच्या वीर्यात ते मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं आणि रक्तात नॅनोग्रॅमच्या. दोन्हींत जवळपास दहा लाखपटींचा फरक. उसाच्या पाटातलं पाणी पाटातच राहावं, तसं हे प्रथिन ग्रंथीच्या नळ्यांतच राहतं. कुठं बांध फुटला तर पाणी शेजारच्या वावरात पसरतं. रक्तातला पीएसए हे त्या पसरलेल्या पाण्याचं माप आहे. बांध उंदरानं पोखरला, गाळानं फुटला की कुणी मुद्दाम फोडला, हे पाण्याकडे बघून कळत नाही.

म्हणून वयानुसार ग्रंथी वाढली की पीएसए वाढतो. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, नळी घातली, तरी वाढतो. कॅन्सरमध्येही वाढतो, पण गंमत अशी की कॅन्सरची एकेक पेशी निरोगी पेशीपेक्षा बहुधा कमीच पीएसए बनवते. आकडा चढतो तो ग्रंथीची रचना मोडल्यामुळे. चार ते दहा या टप्प्यातल्या पुरुषांची बायोप्सी केली तर साधारण चौघांत एकाला कॅन्सर सापडतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा पीएसए चार किंवा त्याहून कमी होता अशा २,९५० पुरुषांची बायोप्सी झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला. म्हणजे ‘हाय’ म्हणून घाबरणं जसं घाईचं, तसंच ‘नॉर्मल’ म्हणून निर्धास्त होणंही.

आपल्याकडे यात आणखी एक गफलत होते. ‘रात्रीचं चार-चारदा उठाय लागतंय’ म्हणून ज्यांना गोळ्या चालू असतात, त्यांतल्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या औषधांनी सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा माणसाचा तीनचा आकडा हा खरा सहाचा असू शकतो. गोळीचं नाव सांगितल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावणं शक्य नाही. पॅकेजच्या रिपोर्टमध्ये मात्र गोळी विचारायला रकानाच नसतो.

तिन्ही प्रथिनांत कॅन्सरशी आधी नातं जडलं ते अ‍ॅसिड फॉस्फटेजचं. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं, हे न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्यानं १९३८ साली दाखवलं. त्याच मापाचा आधार घेऊन शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली सिद्ध केलं की अंडग्रंथी काढल्या, पुरुष संप्रेरक बंद झालं, की पसरलेला आजार ओसरतो. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं. पसरलेल्या आजारात अंडग्रंथी काढण्याची ती शस्त्रक्रिया स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे आजही होते. पुढे १९७९ साली बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या गटानं पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८६ साली त्याच्या तपासणीला परवानगी दिली ती आजार झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. नवा आजार हुडकण्यात मदत म्हणून १९९४ साली. दोन परवान्यांमधला हा फरक नंतर सगळे विसरले. प्रोस्टेटमधल्या अँटिजेनवर १९७० साली लिहिणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन हेच पुढे सरसकट पीएसए तपासणीचे सर्वांत कडवे टीकाकार झाले, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता परळ. टाटा मेमोरियल आणि केईएमच्या त्याच परिसरात जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. १९७० साली ती या रूपात उभी राहिली, तेव्हा देशाला कुटुंबनियोजनाची चिंता होती आणि संस्थेलाही. पुरुषांसाठी गर्भनिरोधक कसं करता येईल, हा तिथला एक मोठा प्रश्न. त्यासाठी सगळ्यांची नजर होती इनहिबिन या पदार्थावर. अंडग्रंथीतून असं काहीतरी निघत असावं, जे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला आवर घालतं, हा तर्क १९३२ सालचा. तो पदार्थ हाती लागला तर शुक्राणूंची निर्मिती रोखता येईल, अशी आशा. पन्नास वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे होत्या.

१९८१ साली ठाकूर, वझे, दत्तात्रेयमूर्ती आणि ए. आर. शेठ यांनी मानवी वीर्यद्रवातून इनहिबिन वेगळं काढल्याचं ‘इंडियन जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायॉलॉजी’त प्रसिद्ध केलं. १९८४ साली शेठ यांच्या गटानं मॉन्ट्रियलच्या नबिल सैदा आणि मिशेल क्रेतिएन यांच्याबरोबर त्या प्रथिनाची अमिनो आम्लांची पूर्ण साखळी वाचली. (हे क्रेतिएन म्हणजे पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेल्या जाँ क्रेतिएन यांचे बंधू.) साखळीत ९४ अमिनो आम्लं निघाली. त्यांतली दहा सिस्टीन, म्हणजे एकमेकांना गंधकाच्या पुलांनी जोडणारी. एवढ्याशा प्रथिनात असे पाच पूल असल्यानं ते चांगलंच घट्ट बांधलेलं.

आणि मग गोंधळ उडाला. १९८५ साली दुसऱ्या गटांनी अंडाशयातल्या द्रवातून खरं इनहिबिन वेगळं काढलं. ते दोन साखळ्यांचं, आकारानं कितीतरी मोठं आणि या प्रथिनाशी काडीचं साम्य नसलेलं. त्याच वर्षी जपानी संशोधकांच्या गटानं वीर्यातल्या एका मुबलक प्रथिनाची साखळी वाचली. ती परळच्या साखळीशी तंतोतंत जुळली. हळूहळू स्पष्ट झालं की परळच्या हाती लागलेलं प्रथिन अंडग्रंथीचं नसून प्रोस्टेटचं आहे. त्याला बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन असं एक नाव मिळालं आणि क्वेबेकच्या शास्त्रज्ञांनी दिलेलं पीएसपी-९४ हे दुसरं. पिट्युटरीला आवरण्याचा दावा टिकला नाही. साखळी मात्र अचूक वाचलेली होती आणि पुढचं सगळं त्याच साखळीवर उभं राहिलं.

गर्भनिरोधकासाठी निघालेली वाट अशी कॅन्सरपाशी आली. निरोगी प्रोस्टेटमध्ये पीएसपी-९४ मुबलक असतं. आजार सुरू झाला की घटतं, आणि जसजशी गाठ आक्रमक होते तसतसं बहुतेक गाठींत ते जवळपास नाहीसं होतं. पीएसएच्या बरोबर उलट चाल. रक्तातला चढता आकडा डोळ्यांत भरतो, यंत्रालाही तो पकडणं सोपं जातं. जे ओसरतंय ते मोजायला आपण शिकलो नाही, कारण मुळात ते किती होतं हे ठाऊक असावं लागतं.

ते का घटतं, याची दोन उत्तरं आता हाती आहेत. पहिलं, कॅन्सरच्या पेशीत ईझेडएच-२ नावाचं प्रथिन जोर धरतं आणि पीएसपी-९४च्या जनुकाला टाळं लावतं. जनुक शाबूत असतं, फक्त वाचलं जात नाही. दुसरं उत्तर जन्मापासूनचं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन स्वतंत्र गटांनी हजारो पुरुषांची जनुकीय लिपी तपासली, तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरशी नातं सांगणारी एक जागा गुणसूत्र क्रमांक दहावर, नेमकी याच जनुकाच्या दाराशी निघाली. तिथं ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असेल तर जनुक कमी चालतं आणि प्रथिन कमी बनतं. अशा प्रत्येक अक्षरामागे धोका साधारण सव्वापट होतो. सव्वापट म्हणजे फार नाही. पण हे अक्षर लोकसंख्येत इतकं सर्रास आढळतं की एकूण हिशेबात ते लक्षात घ्यावंच लागतं.

मग हे प्रथिन गाठीला खरोखर आवरतं का? १९९३ साली गर्दे, शेठ आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी या प्रथिनानं प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते का, हे काचपात्रात आणि प्राण्यांत तपासून अनुकूल निकाल मांडले. २००३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शफाअत रब्बानी यांच्या गटानं उंदरांना हे प्रथिन टोचलं. गाठ लहान राहिली आणि कॅन्सरमुळे रक्तात वाढणारं कॅल्शियमही उतरलं. प्रथिनातल्या ३१ ते ४५ या पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून एका कॅनेडियन कंपनीनं तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेला. सुरक्षित निघाला, पण औषध होऊन बाजारात आला नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१० सालचं परळचं काम. डॉ. स्मिता महाले यांच्या गटानं (पाठक, ब्रीड, नाखवा, जगताप ही नावं त्या निबंधावर आहेत) प्रोस्टेटच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या तीन पेशीवंशांत पीएसपी-९४ आणि त्याला चिकटणारं क्रिस्प-३ हे प्रथिन मुद्दाम बनवायला लावलं. कॅन्सरमध्ये पीएसपी-९४ घटतं तेव्हा क्रिस्प-३ वाढतं, म्हणून एक आवरणारं आणि दुसरं चिथावणारं असा सरळ तर्क कुणीही केला असता. निकाल तसा सरळ आला नाही. दोन्ही प्रथिनं वाढ रोखू शकत होती, पण सगळ्या पेशीवंशांत सारखी नाही. एका पेशीवंशात जे घडलं ते दुसऱ्यात घडेलच असं नव्हतं. ज्यांच्या संस्थेनं प्रथिन शोधलं, त्यांनीच त्याच्या ताकदीची मर्यादा लिहून ठेवली. याच गटानं २०१३ साली वीर्यद्रवात पीएसपी-९४ हे अ‍ॅसिड फॉस्फटेजलाही बांधलेलं असतं, असं दाखवलं. म्हणजे त्या तीन प्रथिनांतली दोन एकमेकांना धरून असतात.

पीएसपी-९४ला ‘ट्यूमर सप्रेसर’, म्हणजे गाठीला आवरणारं, म्हणायची पद्धत संशोधकांत आहे. माझ्या मते ती पदवी थोडी सैल हातानं दिलेली आहे. खऱ्या अर्थानं ती शोभते पी-टेन, पी-५३ आणि बीआरसीए-२ या जनुकांना. पी-टेनचं उदाहरण घ्या. १९९७ साली सापडलेलं हे जनुकही दहाव्याच गुणसूत्रावर आहे. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या एका रेणूवरचा फॉस्फेट काढून घेणं, एवढंच त्याचं काम. ते थांबलं की निरोप अखंड चालू राहतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यात पी-टेनच्या दोन्ही प्रती गमावणं फार वेळा दिसतं आणि बायोप्सीच्या तुकड्यावर रंगद्रव्य टाकून ते तपासताही येतं. बीआरसीए-२ तुटलेली गुणसूत्रं सांधतं. ते बिघडलं की चुका साचत जातात. पीएसपी-९४ गेलं म्हणून कॅन्सर होतो की कॅन्सर होताना ते जातं, हे अजून वादात आहे. बीआरसीए-२बद्दल तसा वाद उरलेला नाही.

पण खूण म्हणून पीएसपी-९४ निरुपयोगी ठरलं नाही. रक्तातली त्याची एकट्याची पातळी फसवू शकते, कारण ज्याच्याकडे ते ‘टी’ अक्षर आहे त्याची पातळी निरोगी असतानाही कमीच असते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या हेन्रिक ग्रोनबर्ग यांच्या गटानं यावर तोड काढली. पीएसएचे प्रकार, पीएसपी-९४ आणि आणखी दोन प्रथिनं, त्यांच्याबरोबर २३२ जनुकीय अक्षरं, वय, घराण्यातला आजार हे सगळं एका गणितात घातलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आक्रमक कॅन्सर तितकेच पकडूनही बायोप्सींची संख्या सुमारे एक-तृतीयांशानं कमी करता येते असं दिसलं. ‘स्टॉकहोम-३’ या नावानं ती तपासणी युरोपात मिळते. वडगावच्या नमुना केंद्रातल्या यादीत ती नाही.

यादीत असलेल्या एकट्या पीएसएचं मग काय करायचं? युरोपातल्या १ लाख ६२ हजार पुरुषांवरच्या अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे आकडे सांगतात की पीएसए तपासणीनं प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले. एक मृत्यू टाळायला ४५६ पुरुषांना तपासणीसाठी बोलवावं लागलं आणि १२ जणांचं निदान जास्तीचं झालं. त्या बारांतल्या अनेकांना हा आजार आयुष्यभर त्रास देणारच नव्हता. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ग्रंथीपुरत्या मर्यादित आजाराच्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं अशा तीन गटांत वाटणी केली होती. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले तीन टक्क्यांहून कमी निघाले, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे आकडे अशा देशांतले आहेत जिथं तपासणी जास्त होते. आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच गल्लीत भेटतात. १९८७ पासून बार्शीत चालणाऱ्या देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत प्रोस्टेटचं प्रमाण मुंबईच्या मानानं कमी दिसतं; पण जे रुग्ण खेड्यातून येतात त्यांतले पुष्कळ कंबरदुखी घेऊन येतात. महिनोन्महिने चोळून, शेकून, वेदनाशामक खाऊन झाल्यावर एक्स-रेत मणका पांढरा दिसतो. त्या माणसाला युरोपातला वाद लागू नाही. साठीपुढच्या पुरुषाची कंबर रात्री झोपेतही दुखत असेल, वजन उतरत असेल, तर त्याची पीएसए तपासणी लवकर व्हायला हवी. आणि काहीच त्रास नसलेल्या पंच्याहत्तरीच्या आजोबांची पॅकेजात झाली नसती तरी चाललं असतं.

आकडा वाढलेला आलाच, तर वीस-बावीस किलोमीटरवर कोल्हापुरात मूत्ररोगतज्ज्ञ आहेत. जाताना गोळ्यांची चिठ्ठी न्यावी. जंतुसंसर्ग असेल तर तो बरा करून काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करावा, जमल्यास मोकळ्या आणि एकूण पीएसएच्या प्रमाणासह. तरीही वाढलेलाच राहिला तर बायोप्सीआधी एमआरआय हा आता जगभर मान्य झालेला क्रम आहे. आणखी एक गोष्ट डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपणच सांगावी : आईला, बहिणीला किंवा मावशीला स्तनाचा अथवा बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का. बीआरसीए-२ मधला दोष आईकडूनही मुलाकडे येतो आणि मुलाकडून पुढे नातीपर्यंत जातो. बाईच्या आजाराचा पुरुषाच्या ग्रंथीशी काय संबंध, असं वाटून घरोघर ही माहिती गिळली जाते.

बायोप्सी झालीच, तर तिचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बंद करून ठेवलेला असतो. रिपोर्ट हाती आला की लोक ठोकळा विसरतात. पसरलेल्या आणि संप्रेरक बंद करूनही न थांबणाऱ्या आजारात ज्यांचं बीआरसीए बिघडलेलं आहे, त्यांच्यासाठी ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ती तपासणी बहुतेकदा याच जुन्या ठोकळ्यावर केली जाते. ठोकळा फार जुना झाला तर कधीकधी तपासणी फसतेही. तो रुग्णाला मागून घेता येतो. रिपोर्टच्या फायलीबरोबर तो कुठं ठेवलाय आणि त्याचा क्रमांक काय, हेही घरात एकाला ठाऊक असावं.